‘परत’ हा शब्द कोणाचा

वुडलँड्स, सिंगापूर
६ जुलै २०२५

ती. बेबीताईस,
शिवदासचा सप्रेम जय भीम.

तुझे गुडघे कसे आहेत? ओट्याच्या पायऱ्या चढताना बरा पाय आधी टाकतेस ना, एकतानं शिकवलं तसा? मनोहरभावजींच्या मोतीबिंदूचं काय ठरलं? तो पिकायची वाट बघतायत की ऑपरेशनला घाबरून बसलेत, ते तूच ओळख. गार्गीला सातवा लागला असेल. नातीचं बाळंतपण म्हणून तू रोज तिच्या पोटाकडे बघून भाकितं करत असशील, तेवढं कर, पण तिला दोन घास जास्त खा म्हणून छळू नकोस. आणि तुझी शेळी? ती बरी असणारच. ती आपल्या सगळ्यांना पोचवून जाईल.

इकडे प्रीतमची पाठ धरते, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून. त्याची बायको एकता जगाच्या पाठी-कंबरा सरळ करते आणि नवऱ्याचीच राहते, दिव्याखाली अंधार. प्रणिताच्या दातांना तार लावलीय. तिला म्हटलं, आजोबांना मराठीत पत्र लिहायला मदत कर, तर म्हणाली, “आजोबा, कॅनॉट ला,” म्हणजे जमणार नाही. मी ठणठणीत आहे.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही. खालच्या मजल्यावरची चिनी आजी दार उघडून बघते. म्हणून आपलं हे बरं. लिहून ठेवलेलं चारदा वाचता येतं.

आज लांबलचक लिहिणार आहे. एका माणसाविषयी सांगायचंय, आणि तुझ्याकडे एक काम आहे.

एकता ज्यांच्या घरी जाऊन व्यायाम घेते त्यात एक इंग्रज म्हातारा आहे. एडमंड थॉर्लबी. वय चौऱ्याऐंशी, खुब्याचं हाड मोडलं होतं. तांजोंग पगारला एका जुन्या दुकानघराच्या वरच्या मजल्यावर एकटा राहतो. एकदा व्यायाम करताना पाय दुखला तर तो ओरडला, “अगं आई गं.” एकता चपापलीच. विचारलं तर म्हणाला, हा शब्द माझ्या तोंडात कुठून आला मला ठाऊक नाही, पण दुखलं की हाच येतो. मग एकता म्हणाली, माझ्या सासऱ्यांना भेटा.

तर आता दर शुक्रवारी मी जातो. वुडलँड्सहून मेट्रोत बसायचं ते मॅक्सवेलला उतरायचं, खालच्या हॉकरच्या टपरीवरून दोन कोपी, म्हणजे इथली कॉफी, घ्यायच्या, त्याची बिनसाखरेची. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, मला एडमंड म्हणा. एकेरीनं कसं म्हणणार? एकता म्हणाली, ‘साहेब’ म्हणा. मी म्हटलं, ‘साहेब’ म्हणायची सवय मोडायला आपल्या तीन पिढ्या गेल्या, ती पुन्हा लावून घेणार नाही. म्हणून मी ‘मिस्टर एडमंड’ म्हणतो. तो मला ‘मिस्टर शिवदास’ म्हणतो. फिटंफाट.

ताई, माणूस आपल्या देवळालीचा आहे. त्याचा बाप लढाईच्या काळात तिथल्या तोफखान्यात अधिकारी होता. हा जन्मला तिथेच, आणि सहा वर्षांचा असताना, सत्तेचाळीस साली, बोटीत बसून गेला. याचं घराणं मोठं. आजोबा तिकडचे मंत्री, बाप विलायतेला गेल्यावर निवडून आला तो मंत्रीच झाला, थोरला भाऊ ज्युलियन मंत्री, आता भावाची मुलगी हॅरिएट खासदार. आपल्याकडे तालुक्याला अशी घराणी असतात, त्यांची सबंध देशाला. जेवणाच्या टेबलावर मतदारसंघ वाढत, असं तो म्हणतो.

यालाही अठ्ठाविसाव्या वर्षी उभं करायचं ठरलं होतं. एका गावात सभा होती. लोकांनी विचारलं, आमची शाळा बंद होणार नाही ना? शेजारी बसलेल्या बापानं कानात सांगितलं, “होणार नाही म्हण, वचन दे.” ह्याच्या तोंडून शब्दच फुटेना. उठला, बाहेर आला, आणि तिथून जो निघाला तो बँकेत. बँकेनं एकाहत्तर साली सिंगापूरला पाठवलं. चाळीस वर्षं गोदीवाले, जहाजवाले, रबरवाले ह्याच्यापुढे बसले. कोणी “माझा शब्द घ्या” म्हटलं की हा म्हणे, “शब्द तुमच्याकडेच राहू द्या, कागद द्या.” बँकेत त्याला ‘मिस्टर पेपर’ म्हणत.

लग्न ठरलं होतं एकदा. लिलियन नावाची चिनी मुलगी, शाळेत शिकवायची. ती वर्षभरासाठी मेलबर्नला शिकायला गेली, म्हणाली, मी येईन. ह्यानं चौथ्या महिन्यात पत्र लिहून सगळं मोडून टाकलं. मी विचारलं, का? म्हणाला, ती न येण्याआधी मोडलेलं बरं. “आणि ती आली का?” “आली,” म्हणाला. “मी तोवर घर बदललं होतं.”

दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात, पण ह्यानं ताकाचा पेलाच फोडला. हे तोंड पोळलं कुठे, तर देवळालीत. त्याला एक आया होती. आईपेक्षा तीच. एके सकाळी ती त्याला म्हणाली, मी परत येते, आणि गेली ती आलीच नाही. पोरगं बंगल्याच्या पायरीवर बसून राहिलं, बोटीला जायचा दिवस येईपर्यंत. तिचा शब्द त्यानं जन्मभर कानात ठेवला, पण आपण बरोबर ऐकलं का, त्याचा अर्थ तोच का, ही शंका होती. त्यानं मला तो म्हणून दाखवला. मी म्हटलं, अगदी बरोबर. ‘आय कम बॅक.’ प्रथम पुरुष, स्त्रीलिंग, वर्तमानकाळ. सातवी पास माणसानं इंग्रजाला व्याकरण शिकवलं म्हणून मला जरा बरंच वाटलं. तो मात्र खिडकीबाहेर बघत म्हणाला, “म्हणजे मी बरोबर ऐकलं होतं.” त्याची जखम मीच पक्की केली; माझ्या जिभेला तेव्हाच चटका बसायला हवा होता.

आता खरी गोष्ट. पुतणी हॅरिएट सप्टेंबरात त्याला न्यायला यायचं म्हणतेय. थोरला भाऊ सत्त्याऐंशीचा, अंथरुणाला खिळलाय, रोज ह्याचं नाव घेतो. दोघं तीस वर्षं बोललेले नाहीत. कारण विचारलं तर सांगण्यासारखं कारणच नाही. भाऊ “भेटायला येतो” म्हणायचा, यायचा नाही, एवढंच. हॅरिएटला फक्त ह्याचा होकार हवाय. तो देत नाही. म्हणतो, आमच्या घरात वचन हे खोकल्यासारखं येतं.

तेव्हा ताई, तू चौकशी कर. कॅम्पात त्या काळी आपल्याच वस्तीतल्या बायका कामाला जात. तोफखान्याच्या बंगल्यावरची आया, दोन इंग्रज पोरं सांभाळणारी. काही कळलं तर ह्या माणसाची गाठ सुटेल. नाहीतर तो एकटाच मरेल तिथे, आणि तिकडे भाऊ ह्याचं नाव घेत जाईल.

तुझा,
शिवदास


देवळाली
१९ जुलै २०२५

चि. शिवदास यास अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

गुडघे आहेत तिथेच आहेत. भावजी तुझे घाबरलेतच, मोतीबिंदूचं नुसतं नाव. गार्गी बरी आहे, पोट खाली आलंय, मुलगी होणार. शेळी तुझी आठवण काढत नाही. प्रीतमला सांग, पाठीला एरंडाचं पान बांध, तिकडे मिळत नसेल तर नुसतं तेल. प्रणिताच्या दातांना कशाला तारा, आपल्या घरातले सगळे दात असेच पुढे, तरी लग्नं झाली.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. वॉर्डात मावशी म्हणून तीस वर्षं काढली, पोरं आईला सोडत नसतात तेव्हा काय होतं ते मी पाहिलंय. त्या म्हाताऱ्याचं सहा वर्षांचं तोंड माझ्या डोळ्यापुढून हलेना.

चौकशी केली. विहाराजवळ एक बाई भेटली, तिची आजी बंगल्यावर आया होती म्हणे. ती सांगत होती, आजीचं पोरगं तापानं फणफणलं म्हणून ती घरी गेली. तिसऱ्या दिवशी पळत बंगल्यावर आली तर कुलूप. साहेबलोक निघून गेलेले. ती तिथेच पायरीवर बसून रडली. मरेपर्यंत म्हणायची, माझं बाळ मला खोटी समजलं असेल. बाईचं नाव विचारायचं माझ्या मेलीच्या राहूनच गेलं.

त्याला सांग हे. आणि भावाकडे जा म्हणावं.

तुझी,
बेबीताई


वुडलँड्स
३ ऑगस्ट २०२५

ती. ताई,
सप्रेम जय भीम.

ह्या वेळी कुणाचं कसं आहे ते विचारत नाही, आधी सांगतो.

तुझं पत्र घेऊन मी शुक्रवारी गेलो. एकेक वाक्य इंग्रजीत करून सांगितलं. ‘तिसऱ्या दिवशी’ इथे त्यानं हात वर केला. बँकेतला हात असणार तो.

“तिसऱ्या दिवशी कुलूप होतं?”

“हो.”

“मिस्टर शिवदास, ती गेल्यावर आम्ही त्या बंगल्यात अकरा दिवस होतो. मी मोजले होते. रोज एक खडा मी पायरीवर ठेवत असे.”

मी म्हटलं, म्हातारी माणसं, ऐकीव गोष्ट, दिवसांचा घोळ झाला असेल. तो हसला. अगदी सौजन्यानं. म्हणाला, “एक तर तुमच्या बहिणीला कोणी फसवलंय, किंवा तुम्ही दोघं मिळून माझं सांत्वन करताय. माझं सांत्वन याआधी फार तज्ज्ञ लोकांनी केलंय. मंत्रिमंडळातल्या.”

मग त्यानं माझ्यासमोर हॅरिएटला ई-मेल लिहिली. दोन ओळी. येऊ नये, होकार नाही. मी उठलो तर म्हणाला, पुढच्या शुक्रवारी आलं नाही तरी चालेल.

ताई, खरं सांग. ती बाई भेटली होती का? तू मला लहानपणी थाप मारायचीस तेव्हा असाच तपशील भरायचीस, पळत आली, पायरीवर बसली. ती बाई आहे की तूच आहेस? मी त्याच्या घरात तुझं पत्र म्हणजे पुरावा म्हणून वाचलं. कागद दाखवा म्हणणाऱ्या माणसाला मी खोटा कागद दाखवला.

रागानं लिहितोय, पण विचारतोय मनापासून.

शिवदास


देवळाली
१५ ऑगस्ट २०२५

चि. शिवदास,

आशीर्वाद आहेच. जय भीम.

नाही भेटली कुणी. विहारापाशी बसले, चार म्हाताऱ्यांना विचारलं, कुणाला काही ठाऊक नाही. ती माणसंच उरली नाहीत आता. रिकाम्या हातानं लिहायचं कसं, म्हणून मी लिहिलं. वॉर्डात मी असंच करायची. पोर विचारायचं, आई कधी येणार, मी म्हणायची, औषध घेऊन येतेय. पोर झोपायचं. पण तुझा म्हातारा झोपणारं पोर नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. चूक झाली. त्याला सांग, बेबीनं थाप मारली, शिवदासचा दोष नाही. माझ्या नावानंच सांग.

आता माझं ऐक. आठ दिवस मी तुझं पहिलं पत्र काढून वाचतेय. तू लिहिलंयस, “ती त्याला म्हणाली, मी परत येते.” शिवा, ‘परत’ हा शब्द तिचा आहे की तुझा? त्या म्हाताऱ्यानं तुला नेमकं काय म्हणून दाखवलं? जसंच्या तसं आठव.

कारण आपल्या बायका उंबऱ्यावर ‘परत येते’ असं म्हणत नाहीत रे. ‘येते’ म्हणतात. बाजारात निघाली तरी येते, माहेराहून निघाली तरी येते, आणि ज्या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही तिथूनही ‘येते’ म्हणूनच निघते. ‘जाते’ म्हणायचं नसतं. जाणारा एकदाच जातो, तेही चौघांच्या खांद्यावर. नवस सोडले, उपास सोडले, अंगारे-धुपारे सोडले, पण दारातून ‘जाते’ म्हणायला माझी जीभ वळत नाही, आणि वळवायचीही नाही. विमानतळावर जायला रिक्षात बसताना तू मला काय म्हणालास? “येतो ताई.” मी काय तारखा मोजत बसले? मी ‘ये’ म्हटलं आणि दार लावलं.

तू व्याकरण सांगितलंस त्याला. प्रथम पुरुष आणि काय काय. अरे, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. हा शब्द व्याकरणात नाही, उंबऱ्यात आहे. तो तुझ्या इतका अंगवळणी पडलाय की तुला दिसलाच नाही.

तो विलायती असून सहा वर्षांचं मराठी घेऊन गेला. तेवढ्या मराठीत ‘ये’ म्हणजे ‘कम’ एवढंच असतं. पुढचं कळायला आणखी दोन वर्षं आपल्यात राहावं लागतं.

जाऊन सांग. येऊ नको म्हटलं असलं तरी जा.

बेबीताई


वुडलँड्स
३१ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
सप्रेम जय भीम.

‘परत’ माझा होता. तो फक्त एवढंच म्हणाला होता: “येते हां, बाबा.” साहेबलोकांच्या पोरांना आया बाबा म्हणायच्या, तसं. ‘परत’ मी इंग्रजी सुबक व्हावं म्हणून जोडला, आणि मग तुला लिहितानाही तोच उतरला. ती मला दिसतेय, सकाळी निघालीय, पदर खोचलाय, आपल्या आईसारखी सहज म्हणतेय. आणि मी तिच्या तोंडी वचन कोंबलं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी शुक्रवार नव्हता, तरी गेलो. कोपी घेतली नाही. दार त्यानंच उघडलं, वॉकर धरून.

मी उभ्यानंच म्हटलं, “मिस्टर एडमंड, दोन गोष्टी. माझ्या बहिणीनं ती गोष्ट रचली होती. तिला वाईट वाटलं म्हणून रचली, ती कबूल करतेय. हे तिचं पत्र. आणि दुसरी, मी चुकलो. व्याकरण बरोबर होतं, भाषांतर चुकलं.”

“बसा,” म्हणाला.

मग मी सांगितलं. जितकं जमलं तितकं. ‘जाते’ का म्हणत नाहीत, ‘येते’ कुठे कुठे म्हणतात, मी तुला रिक्षातून काय म्हणालो. संपलं तेव्हा म्हणाला,

“म्हणजे तिनं वचन दिलंच नव्हतं.”

“नाही.”

“म्हणजे तिला ठाऊक होतं की ती येणार नाही.”

“ते मला माहीत नाही. म्हणणाऱ्यालाही ते माहीत नसतं. म्हणून तर तसं म्हणतात.”

मला वाटलं होतं त्याला हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. त्याचा चेहरा आणखी ओढला गेला. म्हणाला, “जिनं सहीच केली नव्हती, तिच्याकडे मी अठ्ठ्याहत्तर वर्षं तगादा लावून बसलो. आणि तिच्या नावावर इतरांकडेही.” लिलियनचं नाव त्यानं घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

मग विचारलं, “जो मागे राहतो त्यानं काय म्हणायचं असतं?”

“‘ये’ म्हणायचं.”

“मी काही म्हटलं नव्हतं. मी रुसलो होतो. त्या सकाळी तिनं मला साखर दिली नव्हती.”

ताई, मी पुष्कळ माणसं पाहिली. डेपोत टाइमकीपर होतो, बस सुटताना माणसाचा खरा चेहरा दिसतो. पण साखरेवरून रुसलेला चौऱ्याऐंशी वर्षांचा चेहरा मी पाहिला नव्हता.

मी निघायला उठलो तर त्यानं थांबवलं. म्हणाला, एक गोष्ट जुळत नाही. मला कोणीतरी ‘ती परत येणार आहे’ असं सांगितलेलं पक्कं आठवतंय. ‘परत’ हा शब्द मी ऐकलाय. तिनं म्हटलं नसेल तर कोणी म्हटला? आणि तो मला मराठीत ऐकू येत नाही, इंग्रजीत ऐकू येतो.

मी म्हटलं, तेव्हा त्या घरात आणखी कोण होतं, जे आज आहे?

त्यानं माझ्याकडे पाहिलं. एकच माणूस आहे. ज्युलियन तेव्हा नऊ वर्षांचा होता.

त्यानं माझ्यासमोरच हॅरिएटला फोन लावला. तिकडे सकाळ असणार. “ये” म्हणाला. इंग्रजीत म्हणाला, पण एवढंच म्हणाला. तीच पलीकडे इतकी बोलत सुटली की ह्यानं फोन कानापासून लांब धरला.

ती अकरा तारखेला येतेय.

तुझ्या थापेबद्दल त्यानं निरोप दिलाय: रचना चांगली होती, फक्त तारखा तपासून घ्यायच्या.

तुझा,
शिवदास


देवळाली
१० सप्टेंबर २०२५

चि. शिवदास,

आशीर्वाद. गार्गीला नववा लागलाय, मी तिच्याच खाटेशी बसून लिहितेय. भावजींचं ऑपरेशन झालं. आता सगळं स्वच्छ दिसतं म्हणतात, आणि म्हणून घरातली जळमटं मला दाखवत हिंडतात.

तुझं पत्र वाचून रडले थोडी. मग रागही आला, तोही लिहिते. तुम्ही दोघं म्हातारे शुक्रवार-शुक्रवार त्या बाईविषयी बोलता. तिनं काय म्हटलं, काय नाही म्हटलं. ती दिवसभर त्याला खेळवत होती तेव्हा तिची स्वतःची पोरं कुणाच्या पायरीवर बसली होती? विचारलं का त्यानं कधी? तिला काढून टाकली, का ती गेली? पगार दिला का? आणि तिचं नाव काय? मी विहारापाशी चौघींना विचारलं, त्या म्हणाल्या, बाई, ‘आया’ हे काय नाव झालं, अशा शंभर होत्या. मी नावावाचून शोधत होते रे. म्हणून तर थाप मारायची वेळ आली.

त्याला नाव विचार. रागावला तर रागावू दे.

बेबीताई


वुडलँड्स
२१ सप्टेंबर २०२५

ती. बेबीताईस,
सप्रेम जय भीम.

गार्गीची काळजी घे आणि स्वतःचीही, रात्री-अपरात्री धावपळ करायला आता तुझे पाय नाहीत. भावजींना म्हणावं, जळमटं दिसतात तर काढाही.

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं, रागाचा भाग वगळला नाही. हॅरिएट तिथेच होती, पन्नाशीची आहे, उंच, बोलताना हात फार हलवते, सभांची सवय. तिनं एकदा काकाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. तो रागावला नाही. म्हणाला, “मी तिला ‘आया’ म्हणत होतो. मला वाटायचं तेच तिचं नाव.” त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मग हॅरिएटनं लॅपटॉपवर तिकडे फोन लावला. ज्युलियन पलंगावर उशीला टेकलेला, नाकात नळी. दोघा भावांनी तीस वर्षांनी एकमेकांचं तोंड बघितलं आणि पहिली दोन मिनिटं नुसतं हवामान. तिकडे पाऊस, इकडे पाऊस. मी उठून बाहेर जायला निघालो तर एडमंडनं बाही धरली.

मग त्यानं विचारलं, “ज्युलियन, देवळालीतल्या आयाचं नाव काय होतं?”

म्हातारा लगेच म्हणाला, “सारजा.” ताई, ज्याला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही म्हणतात, तो असा म्हणाला जसा कोणी विचारायचीच वाट बघत होता. “तिला एक मुलगी होती, चिमी. स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बसलेली असायची. आत यायची परवानगी नव्हती. मी तिला बिस्किटं नेऊन द्यायचो.”

एडमंड म्हणाला, मी तिला कधी पाहिल्याचं आठवत नाही.

“तू पुढच्या पायरीवर असायचास,” भाऊ म्हणाला.

मग एडमंडनं दुसरं विचारलं. ती परत येणार आहे, हे मला कोणी सांगितलं?

मग ज्युलियन बोलायला लागला. हळू, थांबत. मी सगळं नीट पकडलं नसेल, पण मतलब असा: बापानं आयाला त्या सकाळी कामावरून कमी केलं, कारण बोटीचे दिवस जवळ आले होते. धाकट्यानं रडून गोंधळ घालू नये म्हणून त्याला सांगितलं, अर्थात येणार आहे ती परत, उद्याच येईल. आणि थोरल्याला बाजूला घेऊन सांगितलं, तू शहाणा आहेस, तुला खरं काय ते माहीत आहे, गप्प राहायचं. नऊ वर्षांचं पोर अकरा दिवस खिडकीतून बघत होतं. धाकटा पायरीवर खडे मांडतोय. बोलला नाही. “त्यानंतर तुझ्याकडे यायचं ठरवलं की मला ते खडे दिसायचे,” म्हणाला. “मी म्हणायचो येतो, आणि मग यायचो नाही.”

मी एडमंडकडे बघायचं टाळलं. टेबलावरच्या पुस्तकांची नावं वाचत बसलो.

एडमंड म्हणाला, “तू नऊ वर्षांचा होतास, ज्युलियन.”

फोन कोणीच ठेवला नाही. तिकडची नर्स आली, उशी सारखी करून गेली. हॅरिएट खिडकीशी उभी होती, तिचे हात अगदी स्थिर होते. मला वाटलं, मंत्र्यांच्या घरात एवढा वेळ कोणी न बोलता पहिल्यांदाच बसलं असेल.

येत्या शनिवारी तो तिच्याबरोबर विमानात बसतोय. घर मोडत नाही, किल्ली एकताकडे. जायच्या तयारीत आहे, तरी काल मला बसवून एक कागद लिहून दिला, स्वतःच्या हातानं, खाली सही. ‘मिस्टर पेपर’ शेवटी. वरती नुसतं लिहिलंय: सारजा, देवळाली, १९४७ पर्यंत. मुलगी चिमी. खाली लिहिलंय, मला त्या मुलीला किंवा तिच्या मुलांना भेटायचं आहे, त्यांची इच्छा असेल तर. नसेल तर तेही मला कळवावं.

मी म्हटलं, चिमी ऐंशीच्या पुढे असेल, असली तर. सापडेलच असं नाही.

“ठाऊक आहे,” म्हणाला. “पण तुमच्या बहिणीला सांगा, ह्या वेळी मला गोष्ट नको.”

तेव्हा ताई, आता आपल्याकडे नाव आहे. विहारापाशी त्याच चौघींना पुन्हा विचार, पण नाव घेऊन विचार. वस्तीतल्या जुन्या घरांत विचार, कुणाची सासू, कुणाची चुलत आजी. सारजा. चिमीचं खरं नाव दुसरं असेल, घरच्यांना माहीत असेल. सापडली तर बाईचा पत्ता नीट लिही. सापडली नाही, तर सापडली नाही असंच लिही. मी इथून त्याच्या तिकडच्या पत्त्यावर धाडेन. पण गार्गीच्या खाटेशी बसल्या बसल्या का होईना, चार ओळी लिही, आणि लवकर लिही.

तुझा,
शिवदास